विंडोज ११ टाकली आणि जुन्या फाइल्स उघडेनात : वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार सारखी दिसतेय, मशीन नवीन घेतलं किंवा जुन्यावरच विंडोज ११ टाकली आणि आता आधीच्या फाइल्स उघडत नाहीत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न वेगवेगळे असले तरी एक गोष्ट आधीच सांगते, कारण घाबरून लोक नको ते करून बसतात : यातल्या बहुतेक फाइल्स शाबूत आहेत. हरवलंय ते फाइल वाचणारं काहीतरी, म्हणजे प्रोग्रॅम, फॉन्ट, परवानगी किंवा किल्ली. आधी ती फाइल जशी आहे तशी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, नाव बदलू नका, डॉटच्या पुढची अक्षरं तर अजिबात बदलू नका (त्याने फाइलचा प्रकार बदलत नाही, उलट गोंधळ वाढतो), आणि जे काही करून बघायचं ते कॉपीवर.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा छोटा छापखाना आहे आणि गावातल्या मंडळाचा दिवाळी अंक गेली पंचवीसएक वर्षं आमच्याकडेच लागतो. सगळं काम पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्रॅम) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर). मध्यंतरी मशीन स्लो झालं म्हणून दुकानात दिलं, त्यांनी विंडोज ११ टाकून दिली, आता पेजमेकरच्या सगळ्या फाइल्सवर कोरा पांढरा आयकॉन येतो. मित्राच्या मशीनवर पेजमेकर आहे तिथे एक अंक उघडला तर पानं दिसतात पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कसलीतरी चिन्हं. फाइल्स करप्ट झाल्या का? सगळे जुने अंक गेले असं समजायचं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : काका, अंक गेलेले नाहीत. तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकत्र आल्यामुळे जास्त भयंकर वाटतायत. तुमच्या मशीनवर प्रोग्रॅम नाही, मित्राच्या मशीनवर फॉन्ट नाही.

आधी फॉन्टचं बघू कारण खरा जीव त्यात आहे. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, किरण, कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत असतो इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड, आणि तो फॉन्ट त्या कोडच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवतो, कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. फॉन्ट काढून घेतला की कोड तसेच उघडे पडतात, ते तुम्हाला दिसले. तोच फॉन्ट परत टाकला की त्याच फाइलमध्ये तोच मजकूर जसाच्या तसा दिसेल.

आता 'तोच' म्हणजे अगदी तोच. दोन्ही श्रीलिपीचेच फॉन्ट आहेत म्हणून चालेल असं नाही, नावात एखादा आकडा जरी वेगळा असला तरी आतली मांडणी वेगळी असू शकते आणि मग निम्मी अक्षरं बरोबर आणि जोडाक्षरं भलतीच असं काहीतरी येतं. मित्राच्या मशीनवर फाइल उघडताना पेजमेकर फॉन्ट मॅचिंगची एक खिडकी दाखवतो, त्यात कुठला फॉन्ट सापडला नाही त्याची नावं असतात. ती सगळी कागदावर उतरवून घ्या. आणि कृपा करून तिथे बदली फॉन्ट कायमचा करण्याचा पर्याय निवडून फाइल सेव्ह करू नका, तसं केलंत तर मूळ फॉन्टचं नावच फाइलमधून जाईल आणि मग कुठला फॉन्ट शोधायचा हेच कळणार नाही.

नावं हातात आली की फॉन्ट शोधायचे. दुकानदाराला नीट विचारा की त्यांनी अपग्रेड केलं की फॉरमॅट मारला. अपग्रेडमध्ये फॉन्ट आणि प्रोग्रॅम शक्यतो राहतात, फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरचं सगळं जातं, तुमचं वर्णन वाचून मला फॉरमॅटच वाटतोय. तरी सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का एकदा बघा, असलं तर त्यात विंडोज आणि त्यात फॉन्ट्स असं आत गेलात की जुने सगळे फॉन्ट सापडतील. ते फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून हे वाचणाऱ्या ज्यांनी याच आठवड्यात विंडोज बदललीय त्यांनी मासिक खाली ठेवून आधी ते कॉपी करून घ्यावं. तुमच्याकडे ते नसेल तर श्रीलिपीची मूळ सीडी, डी ड्राइव्हवरचा एखादा जुना बॅकअप, किंवा तीच आवृत्ती वापरणारा दुसरा डीटीपीवाला. सातारा-कऱ्हाड भागात अशी माणसं नक्की निघतील, जुने ऑपरेटर या बाबतीत एकमेकांना अडवत नाहीत.

फॉन्ट टाकताना एक छोटी गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. फॉन्टवर राइट क्लिक केल्यावर नुसतं इन्स्टॉल निवडलं तर विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्या आणि विंडोज ११ तो फॉन्ट फक्त त्या एका यूजरपुरता टाकतात, आणि जुन्या प्रोग्रॅमना तो बऱ्याचदा दिसतच नाही. तिथेच 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' असा दुसरा पर्याय असतो (विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' करावं लागतं), तो निवडा. फॉन्ट टाकलाय तरी दिसत नाही या तक्रारीचं कारण कितीतरी वेळा एवढंच असतं.

आता प्रोग्रॅम. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची, त्यानंतर तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने सगळं लक्ष इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या पानं लावायच्या प्रोग्रॅमकडे वळवलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, तिच्यावर १६ बिटचं, म्हणजे फार जुन्या पद्धतीचं, काहीही चालत नाही, आणि त्या काळातल्या काही सॉफ्टवेअरचा निदान इन्स्टॉलर तरी १६ बिटचा असायचा, त्यामुळे सीडी घातली तरी सेटअपच सुरू होत नाही. श्रीलिपीचं किंवा आयएसएमचं जे लॉक असतं, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला लावायचं छोटं यंत्र, ज्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही, त्याचं तर आणखी अवघड, कारण त्याचा जुना ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोज घेतच नाही. टायपिंग पुढे चालू ठेवायचं असेल तर कंपनीकडून नवी आवृत्ती घ्यावी लागेल. पण जुने अंक नुसते वाचायला आणि छापायला फॉन्ट पुरतो.

मग मार्ग काय. इनडिझाइनची सीएस६ पर्यंतची कुठलीही आवृत्ती कोणाकडे असेल तर ती पेजमेकर ६.० ते ७.० च्या फाइल्स थेट उघडते, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांमधून ही सोय काढून टाकलीय, त्यामुळे नवीन इनडिझाइनचे पैसे या कामासाठी भरू नका. फुकट मार्ग म्हणजे लिब्रेऑफिस, त्याचं ड्रॉ हे २०१५ पासून पेजमेकरच्या फाइल्स वाचतं. मांडणी विस्कटेल, कॉलम इकडेतिकडे होतील, पण मजकूर हाताशी येतो. आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात बरं म्हणजे एखादं जुनं मशीन ज्यावर पेजमेकर आणि फॉन्ट दोन्ही चालतात ते या कामापुरतं बाजूला ठेवायचं, इंटरनेट अजिबात लावायचं नाही, आणि एकेक अंक उघडून त्याची पीडीएफ करत जायचं. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड होतायत ना, म्हणजे फाइलच्या आतच साठवले जातायत ना, ते बघा.

फक्त पीडीएफ केली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. ती दिसायला हुबेहूब असेल, पण त्यात एखाद्या लेखकाचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही आणि मजकूर कॉपी केलात तर परत तीच चिन्हं येतील, कारण आतले कोड जुनेच आहेत. म्हणून मजकूर युनिकोडमध्येही (ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असतो) करून ठेवा. कन्व्हर्टर मिळतात, पण ज्या फॉन्टचा मजकूर त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर हवा, आणि नंतर मुद्रितशोधन पाहिजेच. पहिली वेलांटी आणि रफार इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं बरोबर उलटं, त्यामुळे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर चुकतो. 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'श्र' पण डोळ्यात तेल घालून बघा. पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक म्हणजे गावातल्या लिहिणाऱ्या माणसांचं सगळं लेखन आहे, त्यातलं कितीतरी दुसरीकडे कुठेच छापलेलं नसणार, तेव्हा मंडळातल्या दोन-चार पोरांना हाताशी घ्या आणि हे काम कराच काका.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकली. डेटा डी ड्राइव्हवर होता तो तसाच आहे, पण एका फोल्डरमधली प्रत्येक फाइल 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणते. शेजारचा मुलगा म्हणाला परमिशनचा प्रॉब्लेम आहे, त्याने काहीतरी केलं, बाकीची फोल्डर्स उघडली पण हे उघडत नाही. आता एक जण डेटा रिकव्हरीसाठी बरेच पैसे मागतोय. द्यावेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : अजून देऊ नका. आधी नक्की काय झालंय ते तपासू, कारण एकाच मेसेजमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे मालकी. विंडोज नव्याने टाकली की जुना यूजर संपतो, नाव तेच ठेवलं तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस असतो, आणि जुन्या फाइल्स त्या जुन्या माणसाच्या नावावर राहतात. यावर उपाय सोपा आहे, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अॅडव्हान्स्ड, तिथे ओनरच्या पुढे चेंज करून आपलं नाव द्यायचं आणि खाली आतल्या सगळ्या फाइल्सना लागू करायची टिक करायची. शेजारच्या मुलाने हेच केलं असणार आणि बरोबर केलं.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शन, म्हणजे फाइल किल्लीने कुलूपबंद करणं. ज्या फाइल अजून उघडत नाहीत त्यातल्या एकीच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर अॅडव्हान्स्ड दाबा आणि 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' वर टिक आहे का बघा. आयकॉनवर छोटं कुलूपही दिसत असेल. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ही सोय असते, ऑफिसचा लॅपटॉप म्हणजे बहुतेक प्रोच, आणि कोणीतरी कधीतरी सुरक्षेसाठी ती टिक केलेली असते आणि विसरून जातो, कारण रोज वापरताना काहीच जाणवत नाही, आपल्या लॉगिनने फाइल आपोआप उघडते. पण किल्ली असते जुन्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये, सी ड्राइव्हवर. सी फॉरमॅट झाला की किल्ली गेली.

टिक असेल तर आता तीन ठिकाणी शोधा. कोणी त्या वेळी सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या किल्लीचा, बॅकअप घेतला होता का, ती डॉट पीएफएक्स नावाची एक लहानशी फाइल असते, जुन्या पेनड्राइव्हवर, मेलमध्ये. ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा, लॅपटॉप कंपनीच्या डोमेनवर, म्हणजे ऑफिसच्या सामाईक लॉगिनवर, होता तर त्यांच्याकडे रिकव्हरीची वेगळी किल्ली असू शकते. आणि विंडोज डॉट ओल्ड शिल्लक आहे का किंवा जुन्या सी ड्राइव्हची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, कोणी काढली होती का, त्यातून जुन्या यूजरचं प्रोफाइल आणि त्याचा तेव्हाचा पासवर्ड मिळाला तर जाणकार माणूस किल्ली परत मिळवू शकतो.

या तिन्हींतलं काहीच नसेल तर ताई, स्पष्ट सांगते, त्या फाइल्स उघडणार नाहीत. पैसे मागणारा माणूस पुसलेला डेटा परत आणून देईलही, पण हा डेटा पुसलेला नाहीच, तो कुलूपबंद आहे आणि ते कुलूप कोणी फोडू शकत नाही. त्याला एवढंच विचारा की किल्ली कुठून आणणार. जुन्या सी ड्राइव्हवर नंतर फार काही लिहिलं गेलं नसेल आणि ती साधी हार्ड डिस्क असेल तर पुसलेलं प्रोफाइल शोधायचा प्रयत्न तरी करता येतो, एसएसडी असेल तर तीही आशा फार कमी. त्याच्याकडे उत्तर नसेल तर पैसे वाचवा आणि त्याच कागदपत्रांच्या प्रती मेलमधून, सीएकडून, बँकेकडून मागवायला लागा.

याच्याच जवळची एक गोष्ट सगळ्यांसाठी. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीन्सवर पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन न विचारता सुरू होतं. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुकानदाराने स्वतःच्याच कुठल्यातरी मेल आयडीने लॉगिन करून दिलं असेल तर की त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आजच बघा अकाउंट कोणाचं आहे ते, आणि ते ४८ आकडे कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा.

प्रश्न : विंडोज ११ केल्यावर माझ्या डेस्कटॉपवरच्या फाइल्सवर ढगाचं चिन्ह आलंय. घरी नेट असलं की उघडतात, हॉस्टेलवर नेट नसलं की नाही. प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा. — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सेटअप करताना वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झालाय, त्यामुळे तुझं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलं. ढग म्हणजे फाइल इंटरनेटवर आहे, मशीनवर फक्त तिचं नाव आहे. घरी नेट असताना प्रोजेक्टच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवड, हिरवी भरलेली बरोबरची खूण येईपर्यंत थांब, आणि शिवाय एक कॉपी पेनड्राइव्हवर घे. फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की नवीन बदल वर जाणं थांबतं. आणि जागा करायला म्हणून वनड्राइव्हमधून फाइल्स डिलीट करू नकोस, तिथून उडवलं की मशीनवरूनही उडतं. उडवलंच असलं तर वनड्राइव्हच्या साइटवर रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असतं.

प्रश्न : माझ्या नव्वदच्या दशकातल्या कथा वर्डमध्ये आहेत. नवीन वर्ड म्हणतं हा फाइल प्रकार ब्लॉक केलेला आहे. आणि अलीकडच्या, मंगल फॉन्टमधल्या कथा उघडतात पण पानं सगळी सरकलीत, बत्तीस पानांची संहिता वेगळ्याच जागी तुटते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जुन्या वर्डच्या, म्हणजे वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या फाइल्स आताचं ऑफिस सुरक्षेसाठी अडवतं. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, फाइल ब्लॉक सेटिंग्ज असं आत जा, तिथे त्या आवृत्त्यांपुढची ओपनची टिक काढा, कथा उघडा, नवीन डॉक्सएक्समध्ये सेव्ह ॲज करा आणि टिक परत लावून टाका. ते नको असेल तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये त्या सरळ उघडतील. उघडल्यावर मराठीच्या जागी चिन्हं आली तर वरचं साताऱ्याच्या काकांचं उत्तर वाचा.

मंगलचं कारण वेगळं. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट सगळ्यांना आपोआप मिळत नाहीत, देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या नावाने ते वेगळे टाकावे लागतात, आणि नसले की वर्ड त्या जागी बहुतेक निर्मला फॉन्ट वापरतं. अक्षरांची रुंदी आणि ओळींतलं अंतर दोन्हींचं सारखं नाही म्हणून पानं सरकली. सेटिंग्ज, सिस्टीम, ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ते टाका, नेट लागेल, संहिता परत जागेवर येईल. हे युनिकोड असल्यामुळे तुमचा शब्द मात्र एकही बदललेला नाही.

प्रश्न : मुलगी सिएटलला असते, ती आयफोनवरचे नातवाचे फोटो पाठवते. जुन्या मशीनवर दिसायचे, नव्यावर दिसत नाहीत. — एक आजी, पुणे

उत्तर : आजी, २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो हेइक नावाच्या प्रकारात साठवतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हेइफ इमेज एक्स्टेन्शन टाकून घ्या, ते फुकट आहे, तरीही उघडले नाहीत तर हेव्हक व्हिडिओ एक्स्टेन्शनही लागतं, त्याला थोडे पैसे पडतात. किंवा मुलीलाच सांगा, आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल, म्हणजे इथून पुढचे जेपीजीत येतील. आधीचे आहेत ते डिलीट करू नका, ते चांगलेच आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासद नोंद आणि पुस्तकांचं रजिस्टर १९९५ च्या सुमारास एका प्रोग्रॅमरने फॉक्सप्रोमध्ये (नोंदी ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर) करून दिलं होतं. विंडोज १० वर कसंबसं चालायचं. आता विंडोज ११ वर 'धिस अॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' येतं. प्रोग्रॅमर आता हयात नाहीत. हजारो पुस्तकांची नोंद आहे. — एक कार्यकर्ता, चिपळूण

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा, आहे आणि जुनं मशीन ३२ बिट विंडोज १० चं असणार, तिच्यात डॉस चालवायची सोय होती. विंडोज ११ मध्ये ती नाही. पण प्रोग्रॅम आणि नोंदी या वेगळ्या फाइल्स आहेत, नोंदी डॉट डीबीएफ मध्ये आहेत आणि त्या अगदी साध्या, मोकळ्या रचनेच्या असतात.

सगळं फोल्डर उचलून कॉपी करा, नुसत्या डीबीएफ नाही. लांब शेरे किंवा पत्ते बऱ्याचदा वेगळ्या मेमो फाइलमध्ये असतात, डॉट एफपीटी किंवा डॉट डीबीटी, तिचं आणि डीबीएफचं नाव सारखं असतं आणि ती सोबत नसली तर तेवढे रकाने गेले. मग कॉपीतली डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा, कॅरेक्टर सेट विचारेल तो आधी आहे तसा राहू द्या, आणि बघून झाल्यावर त्याच फाइलवर सेव्ह न करता वेगळी ओडीएस किंवा सीएसव्ही प्रकारची फाइल करा. दाखल क्रमांक, तारखा, किंमत हे आकडे तर लगेच वाचता येतील. आणखी एक, यादीत काही ओळी जास्तीच्या वाटल्या तर त्या रद्द केलेल्या सभासदांच्या असू शकतात, फॉक्सप्रो डिलीट केलेली नोंद लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो.

पुस्तकांची नावं मराठीत असतील तर ती तेव्हा जिस्ट कार्ड (संगणकात बसवायचं, मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड) लावून टाइप केलेली असण्याची शक्यता खूप आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकने वाढवलेलं ते तंत्रज्ञान, त्या काळात सरकारी कचेऱ्या, बँका सगळीकडे होतं. तसं असेल तर नावं तुम्हाला चिन्हांसारखी दिसतील, पण साताऱ्याच्या काकांपेक्षा तुमचं काम सोपं आहे. जिस्टचा मजकूर इस्की या भारतीय मानकात असतो, १९९१ चं मानक आहे ते, त्यात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला कोड असतो, आणि युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्याच क्रमावर बेतलाय. त्यामुळे रूपांतर जवळजवळ अक्षराला अक्षर होतं, फॉन्टच्या तुकड्यांची भानगड नाही. जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजमधल्या एखाद्या मुलाला हे दोन शब्द सांगा, डीबीएफ आणि इस्की, त्याला छोटा प्रोग्रॅम लिहायला फार वेळ लागणार नाही. आधी शंभर पुस्तकं बदलून बघा, ती कपाटातल्या पुस्तकांशी ताडा, मगच सगळं.

जुना प्रोग्रॅमच चालवून बघायचा असेल तर डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस वापरता येईल, व्हीडॉस तर मुद्दाम ऑफिसच्या डॉस प्रोग्रॅमसाठीच केलेलं आहे. मराठी दिसणार नाही, कारण अक्षर काढायचं काम ते कार्ड करायचं, पण कुठल्या रकान्यात काय आहे हे प्रोग्रॅमच्या पडद्यावरून समजेल, आणि हे समजावून सांगणारा माणूस आता नाही म्हणून ते महत्त्वाचं. फोल्डरमधल्या फाइल्सची नावं आणि आकार लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावरून आणखी सांगते.